ज्येष्ठ बंधूंच्या कंठाचे संकलन

१ ऑगस्ट, शुक्र.
महाविद्यालयातून परत. नेकनूरपर्यंत एस.टी., पुढे काळीपिवळी. देहाचे गाठोडे घरी पोचते झाले. अंगणाच्या मधल्या भिंतीपलीकडे वहिनी उभ्या. वहिनी भिंतीपाशी येतात तेव्हा काही तरी मागायचे असते, आणि मी द्यायचे नाकारतो, आणि देतो.

विषय : ज्येष्ठ बंधू. (यापुढे ज्ये. बं.; संपूर्ण लिहिण्याइतका आदर शिल्लक नाही.) तंबाखूच्या अखंड उपासनेचे फळ म्हणून शस्त्रवैद्यांनी उन्हाळ्यात त्यांचे स्वरयंत्र काढून घेतले. आमचा अबोला त्याही पूर्वीचा. ट्रॅक्टर वळावा म्हणून त्यांनी अंगणातला कडुनिंब तोडला तेव्हापासूनचा. आता ते बोलू शकत नाहीत व मी बोलू इच्छित नाही. फलतः अबोल्याचे श्रेय कोणाचे, हे संदिग्ध झाले आहे.

पोळा तीन आठवड्यांवर. मारुतीच्या पारावरून हाळी देण्याचा मान आमच्या घरच्या थोरल्याचा. एकेका घराचे नाव पुकारायचे, मग ती जोडी तोरणाखालून जायची. कोणी मध्ये घुसले तर जागच्या जागी निवाडाही हाळी देणाऱ्यानेच करायचा. सरपंच बापूराव काल पारावर म्हणाले म्हणे, "दादारावचा आवाज गेला, तवा मानबी गेला. औंदा हाळी आमी देऊ."

ज्ये. बं. यांनी तत्काळ मोबाइलवर शिवी टंकून ती मोबाइलकडूनच वदवली. त्या सोयीस मराठी येते, परंतु केवळ इंटरनेट असेल तेव्हा, आणि ती शहरी युवतीच्या कंठाने बोलते. शिवी अत्यंत मंजुळ निघाली. अख्खा पार हसला.

वहिनी : "कालपसून जेवले न्हाईत. भाऊजी, तुमचं ते कॉम्प्युटरचं कायतरी करा की."
मी : "मीच का?"
"मंग कोन? बापूराव?"

मी ज्ये. बं. यांचा द्वेष करतो. तथापि तो घरगुती द्वेष आहे. त्यात बापूरावांनी वाटेकरी होण्याचे कारण नाही. होकार दिला.

३ ऑगस्ट, रवि.
संस्कृतास विद्यार्थी उरले नाहीत म्हणून प्राचार्यांनी मजकडे संगणक-कक्ष सोपविला, त्यास बरीच वर्षे झाली. पाणिनी पचविलेल्या मनुष्यास संगणकाचे आज्ञा-टर्मिनल म्हणजे बालक्रीडा, असे तेव्हा मी कोठे तरी म्हणालो होतो. ऐकणारे साक्षीदार दुर्दैवाने हयात आहेत.

मजजवळ लॅपटॉप दोन. नवा माझा. जुना बत्तीस बिटांचा, म्हणजे मागल्या पिढीचा, अंगाने स्थूल, श्वासाने दमेकरी. ज्ये. बं. यांना अर्थातच जुना. नवा द्यावा असा विचार क्षणभरही मनास शिवला नाही, ही नोंद साभिमान.

अभिमानाचे फळ सायंकाळी. वाणी निर्माण करणारी जी मुक्त लायब्ररी (ग्रंथांची नव्हे, आज्ञावलींची) निवडली, तिचा आयता बांधलेला संच बत्तीस बिटी यंत्रांसाठी कर्त्यांनी देणे बंद केले आहे. नव्या लॅपटॉपवर ती एका आज्ञेत बसली व बोलू लागली. जुन्यावर हवी तर सोर्स, म्हणजे मूळ संहिता, उतरवून घ्या आणि स्वहस्ते कंपाइल (शुद्ध मराठीत : संकलन) करा.

सौ. : "मग नवा देऊन टाका ना."
"तत्त्वाचा प्रश्न आहे."
"कोणतं तत्त्व?"
उत्तर रोजनिशीतही देणार नाही.

५ ऑगस्ट, मंगळ.
कंपाइलपूर्वी कॉन्फिगर. यंत्रास पुसायचे, बाबा रे, तुजपाशी काय आहे, काय नाही. मग लायब्ररीच्या एकेका अवयवापुढे लिहायचे : ऑन वा ऑफ. कर्त्यांनी मूळ मांडणीत ज्या भाषा ऑन ठेवल्या आहेत, त्यांत एका अशा बेटाची भाषा आहे जेथे मनुष्यांपेक्षा मेंढ्या अधिक असाव्यात. मराठी : ऑफ.

मराठी : ऑन केली. संस्कृत : ऑन (निष्प्रयोजन; पण यंत्र माझे). नमुना-प्रोग्रॅम : ऑफ. चाचण्या : ऑफ. चाचणी घेण्यास ज्ये. बं. समर्थ आहेत.

उत्तर आले, कंपायलर फार जुना. नवा बसविला. मग म्हणे, अमुक सहायक लायब्ररी नाही. ती आणली. तिला आणखी एकीचा आधार हवा. लग्नात एका मावशीला आमंत्रण दिले की तिच्यामागून जीपभर माणसे उतरावीत, तसे. माहितीपत्रात पहिलेच वाक्य : 'बांधणी सोपी आहे.' लिहिणाऱ्याचे कल्याण न होवो.

ज्ये. बं. भिंतीवरून पाहत होते. मोबाइलवर ठळक अक्षरांत लिहून पडदा मजकडे धरला : 'झालं का बे पंडिता? का आजून पूजाच चालू हाय?'
पाठ फिरवून उत्तर दिले.

८ ऑगस्ट, शुक्र.
घाई नडली. प्रोसेसरचे सर्व गाभे एकाच वेळी कामास लावणारी आज्ञा दिली. दमेकऱ्याने धाप टाकली, पडदा गोठला, हात ठेववेना इतका तापला. एका गाभ्यावर पुनः आरंभ. मध्येच लाइट गेली. बॅटरीने दोन शिंका दिल्या व प्राण सोडला. लाइट आल्यावर जेथे थांबले होते तेथून पुढे. एवढा एकच सद्गुण या व्यवस्थेत आढळला.

दुपारी शंभर टक्के. त्रुटी नाही. इशारेही किरकोळ. सौ.स हाक मारली, वहिनींस हाक मारली. 'नमस्कार' टंकून आज्ञा दिली.

काही नाही.

पुनः दिली. यंत्र म्हणते, कार्य यशस्वी. वहिनी लाउडस्पीकरच्या जाळीस कान लावून उभ्या. मग कॉन्फिगरच्या अखेरीस छापलेला सारांश वाचला, जो गृहस्थ वाचतात व विद्वान वाचत नाहीत. त्यात शांतपणे लिहिले होते : ऑडिओ : नाही. ध्वनीची सामग्री यंत्रात सापडली नाही, सबब लायब्ररीने आपण होऊन ते अंग गाळले आणि बाकीचे अंग निर्दोष बांधले. बोलण्याकरिता जन्मास आलेली लायब्ररी, वाचेवाचून.

पलीकडून पडदा उंचावला : 'माझ्यासारखंच झालं की मंग. याला बी आपरेशन केलं का?'

९ ऑगस्ट, शनि.
ध्वनीची सामग्री बसविली. पुनः कॉन्फिगर. ऑडिओ : नाही.
स्वतः लिहून दिले, ऑडिओ : ऑन. उत्तर : नाही.

पूर्वाह्ण गेला. रहस्य असे : कॉन्फिगर एकदा शोध घेतो व निष्कर्ष टिपून ठेवतो. पुढे जग बदलले तरी टिपणच प्रमाण. 'मी पाहिले होते, तेव्हा नव्हते, म्हणून नाही.' हा स्वभाव परिचित वाटला; आमच्याच अंगणात पलीकडच्या बाजूस राहतो. उपाय : बांधणीचा सगळा फोल्डर पुसून कोऱ्या जागेत आरंभ. मनुष्यांबाबत ही सोय नाही.

ऑडिओ : आहे.

१० ऑगस्ट, रवि.
बोलली. पुरुषस्वर, इंटरनेटविना, शुद्ध मराठी. स्वर मात्र तद्दन यांत्रिक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. ज्ये. बं. यांना भिंतीपलीकडूनच ऐकविले. त्यांनी टंकले, वहिनींनी वाचून दाखविले, कारण मी पाहण्यास नकार दिला : 'बीड स्टँडवर गाडी लागली का? ह्या आवाजात हाळी दिली तर बैल बी फलाट शोधतील.'

टीका रास्त होती. म्हणून अधिक संताप.

लायब्ररीत आणखी एक कळ आहे : स्वतःच्या आवाजाची. कोणी मनुष्याने पुरेशी वाक्ये ध्वनिमुद्रित करून दिली, तर त्याचे तुकडे करून लायब्ररी त्याच आवाजात काहीही बोलू शकते. मूळ मांडणीत ऑफ. चुकून हे बोलून गेलो. ज्ये. बं. यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रण कोठेच नाही. माणूस जन्मभर ओरडला, पण कोणी जपून ठेवावे असे नव्हे.

वहिनी : "तुमचा भरा की, भाऊजी. दोघांचा आवाज एकच हाय."
हे खरे. वडील हयात असताना फोनवर त्यांनाही भेद कळत नसे.
ज्ये. बं. : 'त्याच्या आवाजात? त्यापरीस मुका बरा.'
मी (वहिनींस) : "सांगा त्यांना, माझा कंठ भाड्याने देण्यासाठी नाही."
वहिनी : "बसा मंग दोघंबी गप. बापूरावनं अंगात घालायला बंडी आनलीय पोळ्याच्या हाळीसाठी, नवी कोरी. पारावर दाखवत हिंडतोय."

 मग भिंतीवरून पडदा वर. एकच शब्द : 'भर.'

१३ ऑगस्ट, बुध.
ध्वनिमुद्रण, तीन सायंकाळ. कोठीच्या खोलीत गोधड्या टांगून. अट एवढीच की मराठीतील सर्व ध्वनी सर्व जोडाक्षरांसह यावेत. वाक्ये कर्त्यांनी दिलेली नाहीत. म्हणून स्वरचित योजिली. काही निवडक :

'वृक्षच्छेद करणारा झोटिंग अज्ञानाच्या गर्तेत ढासळतो.'
'ज्येष्ठत्व ही केवळ कालगणनेची आकस्मिक घटना होय.'
'ट्रॅक्टर वळतो, परंतु त्याचा चालक वळत नाही.'

ध्वनिशास्त्रदृष्ट्या निर्दोष. सौ. दाराबाहेरून म्हणाली, "हे सगळं आता त्यांच्या पोटात जाणार." हा विचार केला नव्हता. ज्ये. बं. यापुढे जे जे बोलतील ते माझ्या या निंदेचे चूर्ण करूनच बोलतील. मोठे समाधान वाटले.

१५ ऑगस्ट, शुक्र.
ध्वजवंदन उरकून दहाच्या गाडीने परत. आवाज : ऑन. मार्ग : कोठीतील फोल्डर. कंपाइल.

पहिला दोष : प्रत्येक वाक्यापूर्वी यंत्र खाकरते. वर्गात अध्यापनापूर्वी मी खाकरतो. तुकड्यांसोबत तेही आत गेले. छाटणीची एक कळ आहे, शांततेची मर्यादा ठरविणारी. वाढविली तर खाकरणे जाते, पहिले अक्षरही जाते. कमी केली तर दोन्ही राहतात. मध्यममार्ग शोधत चारदा बांधले; अखेर अक्षर राखले, खाकरणे राहिले.

मग लॅपटॉप भिंतीवरून पलीकडे दिला. ज्ये. बं. ओसरीवर मांडी घालून बसले. दोन बोटांनी टंकतात, कोंबडा दाणे टिपतो तसे. पहिले वाक्य काय असावे याबद्दल माझी अटकळ शिवीची होती.

यंत्र म्हणाले, "अगं, च्या टाक."

आतून वहिनी : "आले हो!"

आणि भांड्याचा आवाज थांबला. बऱ्याच वेळाने त्या पदर सावरत बाहेर आल्या, उंबऱ्यावरच बसल्या. ज्ये. बं. पडद्याकडे पाहत राहिले. चहा कोणीच टाकला नाही.

मी आत गेलो. काम होते.

१८ ऑगस्ट, सोम.
प्राचार्यांनी दालनात बोलावून हस्तांदोलन केले. हे यापूर्वी कधी घडलेले नाही.
"सर, आपला फोन आला, फार बरं वाटलं. कोणी पुढे येत नव्हतं."
"कशासाठी?"
"श्रमदान शिबिर! चौसाळ्याजवळ, दिवाळीच्या सुटीत. शौचालयाचे खड्डे. आपणच म्हणालात ना, प्रमुखपद मीच घेतो, आणि रोज पहाटे स्वतः कुदळ मारतो?"

आवाज माझा. भाषाही, प्राचार्यांच्या म्हणण्याप्रमाणे, 'थोडी मोकळी, आत्मीय'. मी म्हणालो, होय, मीच तो.

घरी आलो तो ओसरीवरून माझाच स्वर, अर्थात खाकरून : "काय पंडित, कुदळ हाय का घरात? नसंल तर माझी ने."

वहिनी आत तोंडावर पदर धरून. एका कळीने मी ज्ये. बं. यांना पुनः मुके करू शकतो : आवाज : ऑफ, कंपाइल, समाप्त. सूड इतका सुलभ यापूर्वी कधी नव्हता. तो उद्यावर ढकलला.

१९ ऑगस्ट, मंगळ.
हाळीच्या मानाबद्दल पारावर बैठक. बापूराव मध्यभागी, पांढऱ्या बंडीत. मी लॅपटॉप, लाउडस्पीकर व बॅटरीसह हमालाप्रमाणे मागे. ज्ये. बं. पुढे. आम्ही एकत्र चाललो हे पाहूनच दोघे-चौघे उठून उभे राहिले.

बापूराव : "टेप वाजवून हाळी देता येत न्हाई, दादाराव. न्हाईतर डीजेवालाच मानकरी व्हईल."
ज्ये. बं. यांनी टंकले. यंत्र : "टेप न्हाई. तू बोल, मी जवाब देतो."
"बरं. माझ्या जोडीआधी शेजारची जोडी घुसली तर?"
"तुझी जोडी दरसाली उशिरा येती. घुसनारच."

हशा. पण हा हशा वेगळा, मागला ज्ये. बं. यांच्यावर होता, हा त्यांच्या बाजूचा. पार जिंकला असे मला वाटले. तेवढ्यात बापूराव सावकाश म्हणाले,
"ह्यो आवाज कुनाचा हाय?"
उत्तरही त्यांचेच :
"सरांचा हाय. मंग हाळी कुनी दिली? सरांनी. आवाज ज्याचा, मान त्याचा. धाकट्याचा आवाज अन् थोरल्याचा मान, असं कुटं असतंय का?" आणि माझ्याकडे वळून, अगदी गोड : "सर, तुमीच उभं ऱ्हावा की. सोताच्या तोंडानं. कशाला यंतर पायजे? आमी न्हाई म्हननार न्हाई."

माणूस मूर्ख नाही. दोन भावांमधल्या भिंतीची उंची त्याला बरोबर ठाऊक आहे. ती पाडायची नाही, तिच्यावर चढून बसायचे. आज मी उभा राहिलो की थोरल्याचा मान मोडला. पुढल्या वर्षी धाकट्यालाही हटविणे सोपे.

इतके समजूनही, क्षणभर बरे वाटले. लिहायचेच तर खरे लिहावे : क्षणभराहून अधिक. संबंध गाव माझ्याकडे पाहत होते, आणि ज्ये. बं. पाहत नव्हते.

ते टंकत होते. दाणे टिपल्यागत. खाकरणे. मग माझा स्वर :
"त्याला दिला तरी चालंल, बापू. तुला न्हाई."

मंडळींनी माना डोलावल्या. ठरले असे : यंत्र चालेल, आवाज ज्याचा मान त्याचा, आणि दोघांपैकी कोण ते आमच्या घराने पोळ्याच्या दिवशी पारावर चढण्यापूर्वी ठरवावे.

 परतताना लाउडस्पीकर अर्ध्या वाटेत त्यांनी माझ्या हातून हिसकावून घेतला व स्वतः वाहिला.

२० ऑगस्ट, बुध.
रजा टाकली. कारण : 'कौटुंबिक संकलन'. प्राचार्यांना संकलन म्हणजे काय कळले नाही. कुदळीच्या आनंदात मंजूर केली.

दोन बांधण्या केल्या, दोन फोल्डर. एकात आवाज : ऑन, म्हणजे मी. दुसऱ्यात आवाज : ऑफ, म्हणजे तो बीड स्टँडवरचा, जो कोणाचाच नाही. कोणाचाच नसल्याने त्यावर बापूरावांना बोट ठेवता येणार नाही; मान निर्विवाद थोरल्याकडे राहील. स्टँडवाल्याचा वेग उतरविला, पट्टी खाली आणली, दोन नामांमधला विराम वाढविला. सुधारला. पूर्वी निर्जीव यंत्र वाटत असे. आता आजारी यंत्र वाटते.

नवा लॅपटॉप द्यावा काय, असाही विचार एकदा आला. त्यावर याहून बरा आवाज चालला असता. परंतु पोळा परवा, आणि तत्त्व... असो.

सायंकाळी भिंतीवरून लॅपटॉप पलीकडे. कोणता फोल्डर कोणता, ते वहिनींना समजावले. ज्ये. बं. यांनी दोन्ही ऐकले. मग मोबाइलवर लिहिले, यंत्रावर नव्हे. म्हणजे जे मला सांगायचे ते माझ्या आवाजात नको होते :

'स्टँडवाला लावला तर मान माझा अन् हसं बी माझं. तुझा लावला तर हसं न्हाई, पर मान तुझा. लई शहाणा हायस. दोन्ही बाजूनं मलाच कापलं.'

"तसे नाही," मी म्हणालो. "मी पारावर चढणार नाही. काय लावायचे ते तुम्ही ठरवा."

बोलून गेल्यावर कळले, बोललो. वहिनी भिंत धरून उभ्या. ज्ये. बं. यांनी भुवई उंचावली व लिहिले : 'वरडतोस कशाला? कान शाबूत हायत.'

मी ओरडलो नव्हतो. याची साक्ष वहिनींनी द्यावी, दिली नाही.

२१ ऑगस्ट, गुरु. खांदेमळण.
पोळ्याची पूर्वसंध्या. सकाळी बैल नदीवर नेऊन आणले. दिवेलागणीपूर्वी भिंतीपलीकडच्या गोठ्यात हळद-तूप. ज्ये. बं. जोडीचे खांदे स्वतः मळतात, गड्यास हात लावू देत नाहीत. मी माझ्या बाजूस भिंतीलगत उभा होतो. दोरीवरचे कपडे काढण्याचे निमित्त. कपडे सकाळीच काढलेले होते.

मळून झाले की धन्याने बैलाच्या कानाशी आवतन द्यायचे असते. तोंडानेच. गेल्या पोळ्याला ज्ये. बं. यांचे आवतन वेशीपर्यंत ऐकू आले होते. कुजबुज हा प्रकार त्यांच्या घशात कधीच नव्हता.

वहिनींनी लॅपटॉप आणून गव्हाणीच्या कठड्यावर ठेवला. ज्ये. बं. यांनी हळदीचे हात धोतरास पुसले. कोणता फोल्डर उघडला, मला दिसले नाही. वाट पाहिली. स्टँडवाला की...

खाकरणे ऐकू आले.

"आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

जोडीतल्या हौश्याने कान फिरविला. पलीकडच्या बैलाने मान वळवून प्रथम ज्ये. बं. यांच्याकडे, मग, शपथेवर लिहितो, भिंतीकडे पाहिले. मी खाली वाकलो.

विधी एवढाच असतो. तरी टंकणे थांबले नाही. दाणे टिपल्याचा नाद, बराच वेळ. मग त्यांनी यंत्राचा आवाज उतरविला, पार खाली, आणि लॅपटॉप उचलून हौश्याच्या कानापाशी धरला. माझाच स्वर, भिंतीपलीकडे, काही तरी दीर्घ सांगत होता, आणि मला ऐकू येत नव्हता. एक वाक्य संपून दुसरे सुरू झाले की तेवढे खाकरणे कळे.

उद्या पारावर ते काय लावणार, विचारले नाही. मोबाइलचा पडदाही आज भिंतीवर आला नाही.

वहिनी हळदीची वाटी घेऊन परत निघाल्या, तेव्हा राहवले नाही. हलकेच विचारले, काय सांगत होते बैलाला एवढे?

"मला काय इचारता भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुमीच तर बोलत होतात."